श्वास मोजायला शिकवणारी चार वर्षं

टीपीआर चार्टवर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास यांच्या नोंदीच्या तक्त्यावर, श्वासाच्या रकान्यात ओळीनं 20, 20, 20, 20 असे आकडे दिसले की मी चार्ट मिटते आणि तो भरणाऱ्या मुलीला घेऊन त्या खाटेपाशी जाते. रागावत नाही. स्टूल ओढते, तिला बसवते आणि म्हणते, आता एक मिनिट फक्त बघ. ताप थर्मामीटर सांगतो, बीपी मशीन सांगतं, बोटाला ऑक्सिमीटर लावला की नाडीही समोर दिसते. साध्या वॉर्डात श्वास तेवढा अजून माणसानंच मोजावा लागतो, पूर्ण साठ सेकंद, आणि तोही रुग्णाला न सांगता. ‘तुमचा श्वास मोजते हं’ म्हटलं की माणूस नकळत वेगळा श्वास घ्यायला लागतो. म्हणून नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही. बोटं तिथंच ठेवायची आणि नजर हळूच छातीवर न्यायची.

हे मी शिकले ते माझ्या स्वतःच्या चुकीतून. दुसऱ्या वर्षाला होते, पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डात पोस्टिंग होतं. पोटाचं ऑपरेशन झालेले एक चाळिशीतले शेतकरी, ऑपरेशननंतरचा दुसरा दिवस. सकाळी बारा रुग्णांचे टीपीआर उरकायचे होते, मी बाराही जणांच्या श्वासापुढे 20 लिहिलं. इन्चार्ज सिस्टरनी चार्ट बघितला, मला त्यांच्या खाटेपाशी नेलं आणि मोजायला लावलं. 34 भरले. मग आठवलं की पहाटे ते बायकोला म्हणत होते, “जीव घाबरा होतोय गं.” मी शेजारच्या खाटेपाशीच होते. ऐकलं होतं, लिहिलं नव्हतं. अर्ध्या तासात त्यांना आयसीयूत हलवलं. दोन आठवड्यांनी ते घरी गेले, जाताना मला “ताई, येतो” म्हणाले. त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

आता मी नाशिकमध्ये नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. दरवर्षी बारावीचा निकाल लागला की पालक भेटायला येतात. मागे पेठहून आलेल्या एका वडिलांनी अगदी मनापासून विचारलं, “मॅडम, सुई टोचायला शिकायला चार वर्षं कशाला लागतात?” प्रश्न रास्त आहे. बाहेरून बघणाऱ्याला नर्स दिसते ती इंजेक्शन देताना, सलाईन लावताना, गोळ्या वाटताना. हातानं होणारी ही कामं खरं तर काही महिन्यांत जमतात. वेळ लागतो तो नजर तयार व्हायला. त्यांना तेव्हा थोडक्यात सांगितलं होतं, इथं सविस्तर सांगते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू. एएनएम हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम. उपकेंद्रात लस देणाऱ्या, गरोदर बायांची तपासणी करणाऱ्या सिस्टर यातून तयार होतात. जीएनएम तीन वर्षांचा डिप्लोमा, त्याला बारावीची कोणतीही शाखा चालते. बीएस्सी नर्सिंग ही चार वर्षांची पदवी. तिला बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, शिवाय राज्याची सीईटी द्यावी लागते. या सीईटीत बारावीच्या विषयांबरोबर नर्सिंगचा कल तपासणारे प्रश्नही असतात. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांचं पोस्ट बेसिक करून पदवी घेता येते. म्हणजे ज्या घरात विज्ञान शाखा झाली नाही तिथंही दार बंद होत नाही, वळसा पडतो इतकंच.

अभ्यासक्रम ठरवते दिल्लीची भारतीय नर्सिंग परिषद. तिचा कायदा 1947 चा, आणि त्याची जागा घेण्यासाठी संसदेनं 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. पदवीनंतर नाव नोंदवायचं ते मुंबईच्या महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे. ती नोंदणी झाल्याशिवाय ‘रजिस्टर्ड नर्स’ म्हणवून काम करता येत नाही. परीक्षा आणि पदवी मात्र आपल्या नाशिकची. 1998 साली स्थापन झालेलं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथं म्हसरूळला, दिंडोरी रस्त्यावर आहे. गडचिरोलीत शिकलेली बीएस्सीची मुलगी असो की सिंधुदुर्गातली, तिच्या पदवीवर नाव या विद्यापीठाचं. नाशिककरांना द्राक्षं सांगता येतात, कुंभमेळा सांगता येतो. हीसुद्धा सांगण्यासारखी गोष्ट आहे असं मला वाटतं.

2021 साली अभ्यासक्रम बदलला. पूर्वी वार्षिक पद्धत होती, आता आठ सेमिस्टर आणि क्रेडिट. क्रेडिट हा शब्द ऐकून पालक दचकतात, पण हिशेब सोपा आहे आणि त्यात या शिक्षणाचा स्वभाव उघड दिसतो. वर्गातल्या एका क्रेडिटला 20 तास लागतात. स्किल लॅबमधल्या एका क्रेडिटला 40 तास. आणि वॉर्डातल्या एका क्रेडिटला 80 तास. गुणपत्रिकेवर तिन्हींपुढे आकडा 1 असाच पडतो, पण वॉर्डातला एक मिळवायला वर्गाच्या चौपट वेळ उभं राहावं लागतं. पहिल्या वर्षाच्या ‘नर्सिंग फाउंडेशन’ या पायाभूत विषयाचेच वॉर्डातले तास 480 आहेत. दुसऱ्या वर्षी मोठ्या माणसांच्या आजारांची शुश्रूषा, म्हणजे मेडिकल-सर्जिकल, तिचे 960. थिअरीला 80 टक्के हजेरी चालते, क्लिनिकलला 100 टक्के. वॉर्डातला बुडालेला प्रत्येक दिवस पदवीच्या आधी भरून द्यावाच लागतो. घरात लग्न असो, यात्रा असो. मुली रडतात यावरून, आणि मी त्यांना सुट्टी नाकारते तेव्हा मलाही वाईट वाटतं. तरी हा नियम सैल होऊ नये असंच माझं मत आहे.

पहिलं सेमिस्टर शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, समाजशास्त्र, इंग्रजी यांत जातं. दुसऱ्यात जीवरसायन, आहारशास्त्र आणि संगणकावर आरोग्याच्या नोंदी ठेवणं. नंतर सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, तिसऱ्या वर्षी बालआरोग्य, मानसिक आरोग्य, सार्वजनिक आरोग्य, प्रसूतिशास्त्राची सुरुवात. मुलं विचारतात, नर्सला एवढी फिजिऑलॉजी कशाला? एक उदाहरण देते. जुलाबानं सुकलेलं दोन वर्षांचं मूल आलं. आई म्हणते झोपलंय. बीपी घेतलं तर ठीक येतं. ज्यानं नुसतं ‘बीपी नॉर्मल म्हणजे रुग्ण बरा’ एवढंच पाठ केलंय तो पुढच्या खाटेकडे जाईल. फिजिऑलॉजी शिकलेल्या मुलीला ठाऊक असतं की लहान मुलाच्या रक्तवाहिन्या आवळून शेवटपर्यंत बीपी धरून ठेवतात आणि ते उतरतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून ती पोटाची कातडी चिमटीत धरून सोडते, किती सावकाश सपाट होते ते बघते, हातपाय गार आहेत का बघते, लघवी शेवटची कधी झाली ते आईला विचारते, आणि ते मूल ‘झोपलंय’ की गुंगीत आहे हे ओळखते.

वॉर्डात जाण्याआधी लॅब. तिथं खाटेवर पुतळा असतो. मॅडम एकदा करून दाखवतात त्याला डेमो म्हणायचं, मग प्रत्येकानं तसंच करून दाखवायचं तो रीडेमो. सुरुवात बेडमेकिंगपासून. घरी गादी घालणारी मुलगी इथं आठवडाभर चादरीचे कोपरे दुमडत बसते तेव्हा तिला ते बिनकामाचं वाटतं. पण चादरीची एक सुरकुती पाठीखाली राहिली आणि रुग्णाला स्वतःहून कूस बदलता येत नसेल, तर जखमेची सुरुवात तिथून होते. दर दोन तासांनी कूस बदलायची, माकडहाड, टाचा, कोपर लाल झालेत का बघायचं. बेडसोअर झाल्यावर ड्रेसिंग करणं किती अवघड असतं हे ज्यांच्या घरी अर्धांगवायूचा रुग्ण आहे त्यांना सांगायला नको.

लॅबमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ देते तो औषधाच्या हिशेबाला. इन्सुलिन घ्या. इन्सुलिनच्या कुप्या दोन ताकदीच्या येतात: एका मिलीत 40 युनिट आणि एका मिलीत 100 युनिट. सिरिंजही दोन, लाल टोपणाची 40 साठी, नारिंगी टोपणाची 100 साठी. समजा 20 युनिट लिहिलेत, कुपी 100 ची आहे आणि घाईत हाताला लाल टोपणाची सिरिंज आली. 20 च्या रेघेपर्यंत भरलं म्हणजे अर्धा मिली झाला. त्या अर्ध्या मिलीत 50 युनिट असतात. अडीचपट. तासाभरात रुग्णाला दरदरून घाम, थरथर, मग बडबड, मग शुद्ध हरपणं. हे मी फळ्यावर समजावते, मग दोन्ही सिरिंजा टेबलावर ठेवते आणि डोळे मिटून एक उचलायला सांगते. आकार सारखा, जाडी सारखी. मुली डोळे उघडून टोपणाचा रंग बघतात तेव्हा वर्ग शांत होतो. त्यानंतर बहुतेकींना टोपण आणि कुपीवरचा आकडा ताडून बघायला सांगावं लागत नाही.

सलाईनचं गणितही तसंच. 500 मिली चार तासांत द्यायचं आहे आणि सेटमधून 20 थेंबांना एक मिली पडतो. म्हणजे एकूण 10,000 थेंब, मिनिटं 240, मिनिटाला साधारण 42 थेंब. चाक फिरवत घड्याळाशी जुळवायचं. नातेवाईक ‘बाटली लवकर संपवा, घरी जायचंय’ म्हणतात आणि कधी स्वतःच चाक मोकळं करतात. हृदय किंवा किडनी कमजोर असलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या फुप्फुसात तेच पाणी भरतं. म्हणून नातेवाइकांना चाकाला हात का लावायचा नाही हे दोन वाक्यांत समजावणं हासुद्धा नर्सच्या कामाचा भाग आहे, आणि त्याचेही गुण असतात.

मग खरा वॉर्ड. सकाळी पांढरा एप्रन, खिशात पेन, कात्री, सेकंदकाटा असलेलं घड्याळ. परिषदेच्या नियमांत विद्यार्थी आणि रुग्ण यांचं प्रमाण 1:3 सांगितलंय, म्हणजे एका विद्यार्थिनीच्या वाट्याला तीन रुग्ण. तिनं त्यांच्याशी बोलायचं, तपासायचं आणि केअर प्लॅन लिहायचा. डॉक्टरांचं निदान आणि नर्सिंगचं निदान वेगळं असतं, हे समजलं की अर्धा अभ्यासक्रम समजला. डॉक्टर लिहितात न्यूमोनिया. तो आजार झाला, त्याचं औषध ठरलं. नर्स लिहिते: कफ घट्ट असल्यानं आणि खोकताना बरगडी दुखत असल्यानं कफ बाहेर पडत नाही, श्वासमार्ग मोकळा राहत नाही. हे त्या माणसाचं झालं. मग ती काय करेल? अर्धवट बसवेल, पोटाशी उशी धरून खोकायला शिकवेल, मनाई नसेल तर कोमट पाणी थोडं थोडं देईल, वाफेची वेळ ठरवेल. दुपारी परत श्वास मोजेल आणि सकाळच्या आकड्याशेजारी लिहील. माहिती घेणं, अडचण ठरवणं, योजना करणं, काम करणं, फरक पडला का ते बघणं या चक्राला नर्सिंग प्रोसेस म्हणतात. शेतकऱ्याला नवं नाही हे. बागेत तो पानाचा रंग बघतो, काय लागलंय ठरवतो, फवारतो आणि चार दिवसांनी पुन्हा पानच उलटून बघतो.

माझी एक तक्रार इथंच नोंदवते. केअर प्लॅन सिनियरच्या वहीतून उतरवून काढायची सवय फार पसरली आहे. रुग्ण कळवणचा, आजार पोटाचा, आणि वहीत कुणा दुसऱ्याच माणसाची ‘ॲन्झायटी’ आणि ‘डिस्टर्ब्ड स्लीप’. तपासणाऱ्यांनी नीट वाचलं तर ही सवय महिन्यात मोडेल. आम्ही शिक्षक वह्यांच्या गठ्ठ्यावर सह्या करत सुटतो, हा दोष आमचा आहे.

रुग्णाचं बोलणं वहीत कसं उतरतं यावर मी अडून बसते. पुस्तकं इंग्रजी, चार्ट इंग्रजी, परीक्षा इंग्रजी. रुग्ण मात्र मराठीत आजारी पडतो, आणि नाशिक जिल्ह्यात तर किती मराठीत! सटाणा-मालेगावकडची आजी ‘पोटमा दुखस’ म्हणते, सुरगाण्याची बाई कोकणा आदिवासींची कोकणी बोलते. ‘जीव घाबरा होतोय’ हे तीन शब्द घ्या. इंग्रजीत लिहिताना विद्यार्थिनी चटकन ‘अँक्शियस’ लिहून मोकळी होते. पण जीव घाबरा होतो तो हृदयविकाराच्या झटक्यात, साखर उतरल्यावर, आतून रक्त जात असताना, फुप्फुसात रक्ताची गाठ अडकल्यावर, आणि हो, मनाच्या भीतीनंही. त्या शब्दाला लगेच इंग्रजी नाव दिलं की बाकीच्या सगळ्या शक्यता तिथंच बंद होतात. म्हणून आमच्याकडे नियम आहे: रुग्ण जे बोलला ते आधी त्याच्याच शब्दांत, देवनागरीत, अवतरणात लिहायचं. मग नाडी, बीपी, श्वास, साखर, घाम, हातापायांचा गारवा बघायचा. मग काय वाटतं ते लिहायचं. ‘अंग मोडून आलंय’, ‘डोळ्यापुढं अंधारी येते’, ‘छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतं’ या सगळ्याला हेच.

सार्वजनिक आरोग्याचं पोस्टिंग बऱ्याच मुलींना हलकं वाटतं, कारण तिथं मशीन नसतात. मला तेच सगळ्यात अवघड वाटतं. डोंगरी-आदिवासी भागात साधारण 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र आणि 20,000 लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हा सरकारी निकष. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांवर आशाताईबरोबर घरोघरी जायचं. कुपोषण ओळखायला रंगीत पट्टी असते, ती सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलाच्या दंडाला लावायची. 11.5 सेंटिमीटरच्या खाली लाल. पट्टी लावणं सोपं आहे. दंडाचा मध्य नीट शोधणं, पट्टी ना सैल ना आवळलेली ठेवणं, आणि लाल दिसलं तर आईचा चेहरा पडू न देता पुढचं सांगणं, हे शिकायला लागतं.

पावसाळ्यात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, तिथं सर्पदंश येतात. मी मण्यारीबद्दल मुलींना मुद्दाम जास्त सांगते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दात बारीक, सूज नाही, वेदना जवळपास नाही. कधी कधी खूण सापडतच नाही. माणूस पहाटे उठतो तो पोट दुखतंय म्हणून. घरचे म्हणतात रात्रीचं खाणं बाधलं. आरोग्य केंद्रात आल्यावर पोटदुखीची गोळी मिळून तो परत जाऊ शकतो, आणि दोन तासांत श्वासाचे स्नायू थकून थांबू शकतात. अशा वेळी जवळ असलेल्या नर्सनं काय बघायचं? पापण्या. “दादा, मान न हलवता वर बघा.” पापणी अर्ध्यावर येत असेल, वर राहत नसेल, तर ते पोटाचं दुखणं नाही. मग एका श्वासात आकडे मोजायला सांगायचं: एक, दोन, तीन... कुठवर पोचतो ते लिहायचं, थोड्या वेळानं परत मोजायला लावायचं. आधी 22 पर्यंत जात होता आणि आता 12 वर थांबतो, तर विष चढतंय. मान उचलता येते का, थुंकी गिळता येते का. घोणस किंवा फुरसं असेल तर वेगळी चाचणी: थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग तिरकं करून गोठलंय का बघायचं. नळी मध्येच हलवली किंवा साबणानं धुतलेली वापरली तर निकाल चुकतो. डॉक्टरांनी सर्पविषावरची लस सुरू केली की ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवायचं आणि खाटेपासून हलायचं नाही, कारण रिॲक्शन आली तर ती बहुतेकदा सुरुवातीच्या मिनिटांतच दिसायला लागते. या सगळ्यात महागडं यंत्र कुठंच नाही. काचेची नळी, घड्याळ आणि समोरच्या माणसाकडे लागलेले डोळे.

प्रसूतीचं पोस्टिंग मुलांनाही असतं. नाशिकमध्ये नर्सिंगला मुलगे आता बरेच येतात, वॉर्डात त्यांना ब्रदर म्हणतात. बाळ बाहेर आलं की सगळ्यांची नजर बाळाकडे जाते, ते साहजिक आहे. शिकणाऱ्याला मी आईच्या पोटावर हात ठेवायला सांगते. बाळ जन्मल्यावर एका मिनिटात ऑक्सिटोसिनचं 10 युनिटचं इंजेक्शन, आणि वार पडल्यावर पहिले दोन तास दर 15 मिनिटांनी गर्भाशय चाचपायचं. बेंबीच्या खाली घट्ट गोळा लागला तर ठीक. पिठाच्या गोळ्यासारखं मऊ लागलं तर रक्त जातंय, बाहेर दिसो न दिसो. तळव्यानं चोळायचं आणि मोठ्यानं मदत मागायची. ‘मोठ्यानं’ हा शब्दही शिकवावा लागतो. आपल्या मुली हळू बोलायला शिकून आलेल्या असतात.

मानसिक आरोग्याच्या पोस्टिंगसाठी शहराबाहेरही जावं लागतं, कारण राज्यातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मुली जाताना घाबरलेल्या असतात. परतल्यावर सगळ्यात जास्त बोलतात त्या याच पोस्टिंगबद्दल.

आठवं सेमिस्टर पूर्ण इंटर्नशिपचं. 22 आठवडे, आठवड्याला 48 तास. त्यातले सहा आठवडे मेडिकल-सर्जिकल, आणि बालरोग, मानसिक आरोग्य, सार्वजनिक आरोग्य, प्रसूती यांना प्रत्येकी चार. इथं ती स्टाफसारखी ड्युटी करते, रात्रपाळीसुद्धा. शिफ्ट बदलताना हँडओव्हर द्यायचा, म्हणजे आपल्या रुग्णांबद्दल पुढच्या सिस्टरला दोन-तीन मिनिटांत नेमकं सांगायचं. पहिल्या वर्षाची मुलगी सांगते, “पेशंट बरा आहे, सलाईन चालू आहे.” इंटर्नशिपच्या शेवटी तीच सांगते, “पाच नंबर, काल आतड्याचं ऑपरेशन, सकाळपासून नाडी 88 ची 104 झालीये, श्वास 18 चे 24, लघवी चार तासांत 80 मिली, पोट थोडं ताणलंय, डॉक्टरांना साडेबाराला कळवलं, दोनला पुन्हा बघा म्हणालेत.” पेठच्या त्या वडिलांना चार वर्षं कुठं जातात हे मी असंच सांगितलं होतं. या दोन वाक्यांच्या मधे.

प्रवेश घेताना पालक इमारत बघतात, बस बघतात, हॉस्टेलचं जेवण बघतात. बघावंच. पण त्याआधी विचारा की कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल आहे का. नियमात किमान 100 खाटांचं म्हटलंय, पण पाटीवरच्या खाटा आणि भरलेल्या खाटा यांत फरक असतो. सकाळी आठला जाऊन वॉर्डात चक्कर मारा. रुग्ण आहेत का? विद्यार्थिनींच्या शेजारी त्यांचे शिक्षक उभे आहेत, की मुली एकट्याच कोपऱ्यात वह्या भरतायत? प्रसूतीचं, लहान मुलांचं पोस्टिंग कुठल्या दवाखान्यात असतं? तिथल्या तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन विचारा, आतापर्यंत किती प्रसूतींत तुझा हात होता. ती आकडा सांगताना अडखळली तर तुम्हाला उत्तर मिळालं. शिष्यवृत्ती आणि शुल्कसवलतीसाठी महाडीबीटीचं पोर्टल बघा, आणि उत्पन्नाचा दाखला मेमध्येच काढून ठेवा.

आणखी एक गोष्ट, जी माहितीपुस्तकात सहसा नसते. वॉर्डात शिकणाऱ्यांना सुई लागण्याचा धोका सगळ्यात जास्त, कारण हात अजून कच्चा असतो. वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण लावायचं नाही, ती थेट पांढऱ्या, न टोचल्या जाणाऱ्या डब्यात टाकायची. तरी लागलीच, तर बोट पिळायचं नाही, तोंडात घालायचं नाही. साबण-पाण्यानं धुवायचं आणि त्याच क्षणी इन्चार्ज सिस्टरना सांगायचं. एचआयव्हीविरुद्धची औषधं लागणार असतील तर ती दोन तासांत सुरू झालेली सगळ्यात चांगली, 72 तासांनंतर उपयोग राहत नाही. मुली मॅडम ओरडतील म्हणून लपवतात. ओरडणार नाही कुणी, आणि कुणी ओरडलंच तर मला येऊन सांगा. कावीळ बी ची लस मात्र आपल्या हातात आहे. लहानपणी पूर्ण झाली होती का ते कार्ड काढून बघा; नसेल तर तीन डोस असतात, पहिला, महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. वॉर्डातलं काम पहिल्याच सेमिस्टरमध्ये सुरू होतं. प्रवेश पक्का झाला त्याच आठवड्यात पहिला डोस घेतला, तर पहिली सुई हातात येईपर्यंत निदान दोन तरी झालेले असतील.